एव्हरग्रीनच्या वाटेवर: बाबांसोबत टेक्सासात चार दिवस

पहिला दिवस, शुक्रवार

सकाळी साडेसहाला घर सोडलं. उन्हं चढायच्या आत बाबांना निडव्हिलच्या बाजूची कापसाची शेतं दाखवायची होती.

बाबा अकोटचे. एकाधिकार कापूस खरेदी योजनेच्या काळात खरेदी केंद्रांवर ग्रेडर होते. बैलगाडीतल्या गंजीत कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस बाहेर काढायचा, दोन्ही अंगठ्यांमध्ये धागा ताणून त्याची लांबी बघायची आणि प्रत सांगायची, यात त्यांची उमर गेली. आमच्याकडे शुगर लँडला आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, "इथं कापूस होते म्हनतात, मंग दिसत काऊन नाई?"

आज दिसला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना, नजर पोचेपर्यंत. वेचणीआधी फवारा मारून पानं गाळून टाकलेली, त्यामुळे नुसत्या काड्या आणि त्यांवर पांढरी फुटलेली बोंडं. लांब एक वेचणी यंत्र एकटंच फिरत होतं आणि त्याच्या मागे पिवळ्या प्लॅस्टिकात गुंडाळलेले भलेमोठे गोल गठ्ठे पडत होते. बाबा बांधापाशी वाकले. रस्त्यालगत पडलेलं एक बोंड उचलून त्यांनी पाकळी सोडवली, सरकी बाजूला केली, धागा अंगठ्यांत धरून हळूच ओढला. तुटल्यावर दोन्ही टोकं डोळ्यांजवळ नेऊन बघितली. "धागा चांगला हाये," म्हणाले. मग बराच वेळ शेताकडे बघत राहिले. "एवढा कापूस, पोरी, आन् वावरात एकबी बाई नाई."

आमच्या आजीचं अर्धं आयुष्य वेचणीत गेलं. लुगड्याची ओटी कमरेला बांधून ती पहाटे, दवात निघायची, कारण ओलसर बोंड हाताला कमी टोचतं. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या मुळाशी लागतात. दिवाळीत तिच्या बोटांना आम्ही तेल लावून द्यायचो ते मला अजून आठवतं. वेचणी सुरू करायच्या दिवशी सीतादही व्हायचं. वावरात दहीभात शिंपडून बायका पहिली ओटी भरायच्या, आणि संध्याकाळी वजन करून वेचाई मिळायची. थोडीच मिळायची, पण तिच्या हातात मिळायची.

हे सगळं आधी सांगितलं, कारण या चार दिवसांत ज्या माणसाच्या मागे आम्ही हिंडलो, त्याच्या शेतातही संध्याकाळी कापूस वेचला-मापला जायचा, आणि वेचणाऱ्याच्या हातात वेचाई पडत नसे.

अ‍ॅशबेल स्मिथ हे नाव माझ्या लेकीने घरात आणलं. इथे सातवीला टेक्सासचा इतिहास असतो. डॉक्टर, परदेशांत टेक्सासचा राजदूत, मळेवाला, आमदार, विद्यापीठाचा संस्थापक, असं एका परिच्छेदात तिने वाचून दाखवलं आणि बाबांनी मध्येच विचारलं, "मळ्यात काम कोन करे?" पुस्तकात तेवढं नव्हतं. म्हणून ही सहल ठरली. लेबर डेची जोडून सुट्टी, शुक्रवारी शाळेलाही सुट्टी, आणि बाबांच्या परतीच्या तिकिटाला अजून तीन आठवडे.

दुपारी बेटाउन. फ्रेड हार्टमन पुलावर चढलो की खाली ह्यूस्टनचा जहाजमार्ग, टाक्या, चिमण्या आणि क्षितिजावर सॅन हासिंतोचा दगडी स्तंभ दिसतो. १८३६ साली तिथेच, सांगतात की अठरा मिनिटांत, टेक्सासने मेक्सिकोच्या फौजेला हरवलं आणि स्वतंत्र देश झाला. पुढच्या वर्षी स्मिथ इथे आला. जन्म १८०५ चा, कनेटिकटमधल्या हार्टफर्डचा. येल विद्यापीठातून वैद्यक शिकला, पॅरिसला गेला आणि १८३२ च्या कॉलऱ्याच्या साथीत तिथल्या इस्पितळात राबला. टेक्सासात आला तेव्हा राष्ट्राध्यक्ष सॅम ह्यूस्टनच्या झोपडीवजा घरात त्याच्यासोबत राहिला आणि लगेच सैन्याचा मुख्य शल्यवैद्य झाला. ज्या उत्तरेकडच्या राज्यात तो वाढला तिथे गुलामी विझत चालली होती. इथे येऊन त्याने खाडीकाठी जमीन घेतली आणि माणसंही विकत घेतली. हे त्याच्यावर कोणी लादलं नव्हतं, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

त्याच्या मळ्याचं नाव एव्हरग्रीन. खाडीच्या काठावर, आजच्या बेटाउनच्या हद्दीत. कापूस, गुरं, फळझाडं आणि घरात पुस्तकंच पुस्तकं. लग्न केलं नाही. आज रस्त्याच्या नावात एव्हरग्रीन आहे, एका प्राथमिक शाळेला अ‍ॅशबेल स्मिथचं नाव आहे, आणि हवेला रिफायनरीचा वास आहे. गूझ क्रीकला तेल लागलं ते १९०८ मध्ये, आणि १९२० च्या सुमारास रिफायनरी उभी राहिली. तो जाऊन तोवर बराच काळ लोटला होता.

पाण्याजवळ जायला मिळावं म्हणून आम्ही बेटाउन नेचर सेंटरला गेलो. तिथे एकेकाळी ब्राउनवुड नावाची बऱ्यापैकी श्रीमंत वस्ती होती. भूगर्भातून पाणी उपसून उपसून जमीन खचत गेली, खाडी घरात यायला लागली आणि १९८३ च्या अलिशिया वादळाने उरलंसुरलं संपवलं. आता तिथे गवत, दलदल आणि पक्षी. चमच्यासारख्या चोचीचे गुलाबी पक्षी चिखल चाळत होते. मधूनच गवतातून डांबरी रस्त्याचा तुकडा वर येतो आणि पाण्यात शिरतो. बाबा त्या तुकड्याच्या टोकापर्यंत चालत गेले.

रात्री हॉटेलवर मी लेकीला लॅपटॉपवर १८६० च्या खानेसुमारीची पानं दाखवली. गुलामांची यादी वेगळी असे. डावीकडे मालकाचं नाव. त्याखाली एकेका ओळीत वय, लिंग, रंग. नावाचा रकानाच नाही. टेक्सासात त्या वर्षी अशा १,८२,५६६ ओळी भरल्या गेल्या, म्हणजे राज्यातल्या दर दहांपैकी तीन माणसं. लेक बोट फिरवत ओळी वाचत होती. बत्तीस, स्त्री, काळी. अकरा, पुरुष, काळा. पाच, स्त्री. बाबा चष्मा वर करून मागून बघत होते. "आमी बैलाची नोंद करतानी बी त्याचं नाव लिहीत होतो," ते म्हणाले आणि झोपायला गेले.

दुसरा दिवस, शनिवार

गॅल्वेस्टन. बेट लांबट आणि सपाट, समुद्र मचूळ करड्या रंगाचा. सकाळीच घामाने कपडे अंगाला चिकटले.

स्मिथचं मोठेपण कुठे बघायचं असेल तर इथे. १८३९ च्या शरदात या बंदरावर पिवळा ताप आला. नव्याने वसलेलं गाव, हजारेक वस्ती, आणि सुमारे अडीचशे माणसं गेली. ज्यांना पळणं शक्य होतं ते पळाले. स्मिथ राहिला. खाटांवर जाऊन तपासलं, मेलेल्यांची शवविच्छेदनं केली आणि प्रत्येक रुग्णाची टिपणं ठेवली. हा रोग माणसाला माणसापासून लागत नाही असं त्याचं मत होतं, आणि ते सिद्ध करायला त्याने रुग्णांची काळी उलटी जिभेवर घेऊन पाहिली. त्याची नोंद पुस्तिका म्हणून त्याच वर्षी छापली गेली. डास हे कारण पक्कं व्हायला १९०० साल उजाडावं लागलं, तेही क्यूबात. पण भीतीने माणसं आजाऱ्याला पाणी द्यायलाही जवळ जात नसतील तेव्हा एका डॉक्टरने "लागत नाही, जा जवळ" असं स्वतःच्या जिवावर सांगणं, याला काय धैर्य लागत असेल. मी स्वतः इस्पितळात प्रयोगशाळेत काम करते. नमुन्याच्या बाटलीचं झाकण सैल असलं तरी आम्ही दोन हात मागे सरकतो.

वैद्यकीय विद्यापीठाच्या आवारात 'ओल्ड रेड' उभी आहे. निकोलस क्लेटनने बांधलेली, १८९१ ची, लाल विटांची आणि गोल कमानींची. अधिकृत नाव अ‍ॅशबेल स्मिथ बिल्डिंग. ८ सप्टेंबर १९०० च्या वादळात या बेटावर सहा हजारांवर माणसं दगावली. ही इमारत छप्पर गमावून उभी राहिली. पुढे पाडायचंही घाटत होतं, माजी विद्यार्थ्यांनी पैसे जमवून वाचवली. भिंतीवर हात ठेवला तर ऊन लागून तापलेली वीट आणि तिच्या कडेला घासून गुळगुळीत झालेला वालुकाश्म. शेजारीच आता जगातल्या घातक विषाणूंवर काम करणारी प्रयोगशाळा आहे. ज्या गावात पिवळ्या तापाची शवविच्छेदनं झाली तिथेच हे काम चाललंय, याने मला खरंच भरून आलं.

दुपारी स्ट्रँडवर बावीसाव्या रस्त्याच्या कोपऱ्याला गेलो. भिंतभर रंगवलेलं चित्र आहे, २०२१ मधलं. १९ जून १८६५ ला, युद्ध जिंकलेल्या उत्तरेच्या फौजेच्या जनरल ग्रेंजरने गॅल्वेस्टनमध्ये हुकूम जाहीर केला की टेक्सासातले सगळे गुलाम मुक्त आहेत, आणि पूर्वीचे मालक व पूर्वीचे गुलाम यांच्यात व्यक्ती म्हणून आणि मालमत्तेच्या बाबतीत पूर्ण समान हक्क राहतील. लिंकनच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याला तेव्हा अडीच वर्षं होऊन गेली होती. त्याच हुकुमात पुढे हेही आहे की त्यांनी आहेत त्या जागी राहून मजुरीवर काम करावं. लेकीने मोठ्याने वाचलं आणि मी बाबांना मराठीत सांगितलं.

या अडीच वर्षांत स्मिथ कुठे होता? अमेरिकेच्या यादवी युद्धात. गुलामी टिकावी म्हणून लढणाऱ्या बाजूने. बेटाउन परिसरातल्या पोरांची एक तुकडी त्याने उभी केली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. शायलोच्या लढाईत जखमी झाला, व्हिक्सबर्गच्या वेढ्यात टेक्सासच्या दुसऱ्या पायदळ रेजिमेंटचा म्होरक्या होता, आणि १८६५ च्या मे महिन्याअखेर, सगळं कोसळल्यावर, विल्यम पिट बॅलिंजरसोबत न्यू ऑर्लिन्सला गेला तो टेक्सासच्या वतीने तहाचं बोलणं करायला. त्याआधी, १८४२ पासून दोन वर्षं, तो टेक्सास प्रजासत्ताकाचा लंडन आणि पॅरिसमधला राजदूत होता. लंडनमध्ये गुलामीविरोधी मंडळी टेक्सासला मुक्तीच्या वाटेवर आणायला बघत होती. स्मिथ त्यांच्या हालचालींच्या बातम्या काळजीने इकडे कळवत होता. जगातलं सगळं ज्ञान ज्या शहरात त्याच्या हाताशी होतं, तिथे हा प्रश्न त्याच्यासमोर नीट मांडला गेला आणि त्याने तो झिडकारला. १८३९ च्या डॉक्टरबद्दल जे वाटलं ते मी मागे घेत नाही. पण या माणसाला त्या काळाच्या नावावर सोडूनही देऊ शकत नाही.

समुद्राकडे तोंड करून बसल्यावर बाबांनी मुंबईचा विषय काढला. याच युद्धात उत्तरेच्या आरमाराने गॅल्वेस्टनसारखी बंदरं अडवली, लँकशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापसाचे भाव आभाळाला भिडले. शेअर बाजार उधळला, समुद्र हटवून जमिनी करायच्या कंपन्या निघाल्या. १८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेच्या लीने शस्त्रं ठेवली आणि त्या जुलैत मुंबईत पेढ्या बुडाल्या. वऱ्हाडात मात्र इंग्रजांची नजर पक्की बसली होती. खामगावपर्यंत खास कापसासाठी रेल्वेचा फाटा आला तो १८७० मध्ये. "तुह्या आजीच्या ओटीतला कापूस जिथून विलायतेले गेला, तो रस्ता इथल्या लढाईनं रुंद केला," बाबा म्हणाले. कापसाच्या गाड्या मोजण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने ही साखळी आधीच जोडून ठेवली होती.

तिसरा दिवस, रविवार

गॅल्वेस्टनहून लांबचा पल्ला: ह्यूस्टन ओलांडून प्रेअरी व्ह्यू, आणि तिथून ऑस्टिन.

प्रेअरी व्ह्यूचं विद्यापीठ एका मळ्यावर वसलं आहे, अल्टा व्हिस्टा नावाच्या. ही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या पैशातून उभी राहिलेली टेक्सासमधली पहिली महाविद्यालयीन संस्था. १८७६ मध्ये कायदा झाला, तीन जणांची समिती नेमली आणि त्यातला एक अ‍ॅशबेल स्मिथ. काळ्या मुलांच्या सरकारी शिक्षणाची बाजू तो आधीपासून मांडत आला होता. ११ मार्च १८७८ ला आठ तरुणांनी इथे पहिला पाठ घेतला. वर्षभरात संस्था बंद करायची वेळ आली तेव्हा शिक्षक घडवणारी शाळा म्हणून ती पुढे चालू राहिली.

सुट्टीमुळे आवार रिकामं होतं. ओकच्या सावलीत डबा उघडला: धपाटे, ठेचा आणि दही. मी लेकीला म्हटलं, बघ, ज्याने माणसं बाळगली त्यानेच ही शाळा काढली. ती म्हणाली, "पण आई, आधी न दिलेले पैसे दिले का त्याने? त्या लोकांना?" १८६६ च्या विधानसभेतही स्मिथ हॅरिस काउंटीचा प्रतिनिधी होता. त्या सभागृहाने मुक्त झालेल्यांना मजुरीच्या करारांत जखडणारे, पोरांना 'शिकाऊ' म्हणून बांधून देणारे, बेकार दिसला तर पकडणारे कायदे केले, आणि सार्वजनिक शाळांचा पैसा गोऱ्या मुलांपुरता ठेवला. शाळा काढायला आणखी दहा वर्षं लागली. मी लेकीला हेच सांगितलं. तिने दह्याचा डबा बंद करून ठेवला आणि झाडाभोवती एक चक्कर मारून आली.

दोनशे नव्वद नंबरच्या रस्त्याने ऑस्टिनजवळ येताना बाबांनी एकदम गाडी थांबवायला लावली. नांगरून ठेवलेलं वावर, काळंभोर, आणि उन्हाने पडलेल्या हातभर खोल भेगा. त्यांनी ढेकूळ उचललं, थुंकीने ओलं करून चोळलं. "आपली काळी माती!" इथे हिला 'ह्यूस्टन ब्लॅक' म्हणतात, टेक्सासची राज्यमाती. मातीच्या शास्त्रात आपली रेगूर आणि ही एकाच जातकुळीतल्या: पाण्याने फुगणाऱ्या, उन्हात फाटणाऱ्या, कापूस पिकवणाऱ्या. बाबांच्या हाताला ती तासभर चिकटून होती आणि त्यांनी ती धुतली नाही.

संध्याकाळी ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात गेलो. १८८१ मध्ये पहिल्या नियामक मंडळाचा अध्यक्ष स्मिथच झाला. वय शहात्तर, पण कामाला कमी नाही. लोकांनी मतदान करून मुख्य विद्यापीठ ऑस्टिनला आणि वैद्यक शाखा गॅल्वेस्टनला ठरवली. १७ नोव्हेंबर १८८२ ला कोनशिला बसवताना तो म्हणाला होता की ज्ञानाच्या दंडाने खडकावर प्रहार करा, संपत्तीचे झरे फुटतील. १९२३ मध्ये पश्चिम टेक्सासातल्या, विद्यापीठाच्या मालकीच्या ओसाड जमिनीत तेल लागलं, आणि त्या वाक्याला लोक आजही भविष्यवाणी मानतात. त्या विहिरीचा लाकडी सांगाडा आवाराच्या कडेला उभा करून ठेवला आहे. त्याच विद्यापीठाचं दार काळ्या विद्यार्थ्यासाठी उघडायला हेमन स्वेटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, १९५० साली.

चौथा दिवस, सोमवार

सकाळी राज्य स्मशानभूमी. टेकडीवर रांगेने पांढरे दगड, खाली ओढा. २१ जानेवारी १८८६ ला एव्हरग्रीनच्या घरात स्मिथ गेला आणि इथे आणून पुरला. दगडावर नाव स्वच्छ कोरलेलं. बाबांनी टोपी काढली, कारण ते कुठल्याही समाधीपुढे काढतात. मला तिथे जास्त थांबावंसं वाटलं नाही. माणूस समजला होता, जेवढा समजायचा तेवढा.

घराकडे परतताना शुगर लँडमध्ये शिरण्याआधी मी गाडी वळवली. आमच्या घरापासून फार लांब नाही. २०१८ मध्ये शाळेची इमारत बांधताना मजुरांना इथे हाडं लागली. खणलं तर ९५ जणांचे सांगाडे निघाले: ९४ पुरुष आणि एक बाई. हे होते राज्याने भाड्याने दिलेले कैदी. युद्ध संपलं, गुलामी कायद्याने गेली, आणि मग काळ्या माणसांना किरकोळ गुन्ह्यांत पकडून उसाच्या मळ्यांवर राबवायला दिलं जाऊ लागलं. टेक्सासने आपला अख्खा तुरुंग कनिंगहॅम आणि एलिस या दोन मळेवाल्यांना भाड्याने दिला तो १८७८ च्या जानेवारीत. प्रेअरी व्ह्यूला आठ मुलांचा पहिला पाठ झाला तो त्याच वर्षीच्या मार्चमध्ये. पुढच्या वर्षी स्मिथ तिसऱ्यांदा विधानसभेत बसला. एकाच राज्याची दोन्ही कामं, एकाच वेळी चालू. रोज कामाला जाताना मी या रस्त्याने जाते, आणि दोन वर्षं मला इथे काय आहे ते ठाऊकही नव्हतं. आमच्या गावाचं नाव ज्या साखरेवरून पडलं, ती साखर यांनी काढली.

कुंपणाबाहेर उभे राहिलो. गवत एकसारखं कापलेलं. पुरताना यांची नावं कोणाला सांगता आली नव्हती. लेक मोबाइलवर वाचत होती.

"सगळ्यात लहान चौदा वर्षांचा होता," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "म्हणजे पुढच्या वर्षीची मी."

बाबांच्या शर्टाच्या खिशात शुक्रवारचा कापूस तसाच होता. खिशाच्या कडेतून एक धागा बाहेर आला होता. त्यांनी तो आत सारला आणि नातीच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. घरी जाऊ या असं कोणीच म्हटलं नाही.